बेल्ट वाचवायच्या नादात पातं घालवू नका

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत घरी सुरी बनवण्यावर मोठा लेख आलाय, बेल्ट ग्राइंडरवर (मोटरवर फिरणाऱ्या खरखरीत पट्ट्याच्या मशीनवर) पात्याचा उतार, म्हणजे पाठीकडून धारेकडे पातळ होत जाणारी बाजू, कसा काढायचा ते त्यात दिलंय, आणि इतक्या आडबाजूच्या विषयाला पेपरने अख्खं पान दिलं याचा मला खरंच आनंद झाला. पण त्यातले तीन सल्ले असे आहेत की नवा माणूस ते मनावर घेऊन बसला तर त्याचं पातंही जाईल आणि बेल्टही, म्हणून हे पत्र. एक, हात एकदम हलका ठेवा. दोन, ओरखडे नकोत तर बारीक ग्रिटपासून सुरुवात करा (ग्रिट म्हणजे बेल्टवरच्या कणांचं माप, आकडा जितका मोठा तितका कण बारीक). तीन, बेल्ट महाग असतात, खालचं कापड दिसेपर्यंत वापरा. ऐकायला तिन्ही शहाणपणाचे वाटतात, आणि तिन्ही उलटे आहेत.

आधी काम केवढं आहे ते बघू, कारण लेखात ते कुठेच नाहीये. समजा पोलादाची पट्टी ४ मिलिमीटर जाड, पातं १५० मिमी लांब, उतार ३० मिमी उंचीचा आणि धारेपाशी अर्धा मिमी जाडी शिल्लक ठेवायची. म्हणजे प्रत्येक बाजूने धारेपाशी पावणेदोन मिमी पोलाद जायला हवं आणि पाठीकडे जाता जाता ते शून्यावर यायला हवं. गणित मांडलं तर दोन्ही बाजूंचं मिळून साधारण ६० ग्रॅम पोलाद निघतं. आणि कोन बघितला तर एका बाजूचा साडेतीन अंशसुद्धा भरत नाही (शेवटी जी धार लावतात तिचा कोन एका बाजूला १५ ते २० अंश असतो, ती वेगळी गोष्ट, लेखात दोन्हींची सरमिसळ झालीय आणि ती वाचून कुणी उतारच १५ अंशांचा काढायला गेलं तर सुरीऐवजी छिन्नी तयार होईल). ६० ग्रॅम म्हणजे काही फार नाही असं वाटतं, पण ते सगळं भुकटी करून काढायचंय, आणि तेही एवढ्या उथळ कोनात, जिथे हात जरा इकडचा तिकडे झाला की उताराची वरची रेषा लगेच चढते. हे काम १२० च्या बेल्टवर हलक्या हाताने करायला बसलं की तासन् तास जातात, पातं सतत तापत राहतं, आणि जितका वेळ जास्त तितक्या चुका जास्त. हे काम ३६ किंवा फार तर ६० ग्रिटचं आहे.

आता दाबाचं बघा. बेल्टवरचा प्रत्येक कण हे एक छोटं हत्यार असतं. कणाला टोकदार कोपरा असेल तर तो पोलादात घुसतो, बारीक सालपट काढतो आणि उष्णतेचा बराचसा भाग त्या सालपटाबरोबर ठिणगी होऊन उडून जातो. कोपरा झिजला की कण नुसता वरून सरकतो, सालपट निघत नाही, घर्षण मात्र सगळं होतं आणि ती उष्णता जाणार कुठे, पात्यातच. बोथट रंध्याने लाकूड तासायला गेलं की माणूस आणखी जोर लावतो, इथेही तेच होतं, आणि शेवटी धार तापून निळी पडते.

बरं, सगळे कण एकाच प्रकारचे नसतात, आणि हलक्या हाताचा सल्ला चुकतो तो इथे. जुना ॲल्युमिनियम ऑक्साइड स्वस्त, सगळीकडे मिळणारा, पण त्याचा कण बोथटच होत जातो आणि तुटला तर मोठ्या तुकड्यात तुटतो. झिर्कोनिया त्याच्यापेक्षा चिवट, दाबाखाली फुटून नवे कोपरे काढणारा. आणि सिरॅमिक म्हणतात तोही मुळात ॲल्युमिनियम ऑक्साइडच, फक्त भट्टीत वितळवून न करता सोल-जेल पद्धतीने, म्हणजे द्रावणाचं जेल करून आणि ते भाजून केलेला, त्यातले स्फटिक एक मायक्रॉनपेक्षाही लहान असतात, त्यामुळे दाब पडला की कणाचा अगदी बारीकसा कपचा उडतो आणि खाली ताजा कोपरा तयार. म्हणजे हा बेल्ट स्वतःला धार लावत चालतो, पण अट एकच, दाब हवा. सिरॅमिक बेल्टवर हलका हात ठेवला तर कपचे उडत नाहीत, कणाची टोकं गुळगुळीत होतात, बेल्टवर चकाकी येते आणि सगळ्यात महागडा बेल्ट फुकट जातो. लेखकाने सिरॅमिक घ्या असंही सांगितलंय आणि हलका हात ठेवा असंही, आता दोन्ही एकदम कसं पाळणार?

सिलिकॉन कार्बाइडचं नाव लेखात ‘सगळ्यात कडक म्हणून सगळ्यात चांगला’ असं आलंय. कडक आहे हे खरं, ॲल्युमिनियम ऑक्साइडपेक्षा कडक, पण ठिसूळही तेवढाच आणि तापलेल्या लोखंडाशी त्याची रासायनिक कुरबुर होते, त्यामुळे पोलादावर तो लवकर झिजतो. काच, दगड, टायटॅनियम यांच्यासाठी तो छान. सुरीच्या कामात तो शेवटच्या बारीक पॉलिशला ठीक, पोलादाचा ढीग उपसायला नाही.

दाब द्यायचा म्हटल्यावर मशीनने साथ द्यायला हवी. ५० बाय १८३० मिमीचा बेल्ट, म्हणजे ज्याला सगळे टू बाय सेव्हंटीटू म्हणतात, त्याच्यावर छोट्या एक इंच रुंद तीस इंच लांब बेल्टच्या जवळपास पाचपट जागा असते, तेवढे कण जास्त, आणि एक कण पोलादाला लागून परत यायच्या आत त्याला गार व्हायला वेळही जास्त. वेग काढायचा तर ड्राइव्ह चाकाचा (मोटर ज्याला फिरवते त्या चाकाचा) व्यास गुणिले पाय (३.१४) गुणिले आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, आणि सेकंदाचा हवा तर भागिले ६०. १०० मिमीचं चाक २८०० आरपीएमवर असेल तर बेल्ट सेकंदाला १४-१५ मीटर पळतो, तेच चाक १४०० च्या मोटरवर लावलं तर निम्मा. जाड कामाला १५ ते २२ मीटर चांगला, मोटर दीड-दोन हॉर्सपॉवरची असली की दाबल्यावर दम तोडत नाही. बारीक ग्रिटला वेग कमी करावा लागतो, म्हणून ज्यांना जमेल त्यांनी व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) बसवावा, नाही जमलं तर छोटं चाक बदलून लावता येतं. छोट्या मशीनवर सुरी होत नाही असं माझं बिलकुल म्हणणं नाही, होते, फक्त बेल्ट जास्त वेळा बदलावा लागतो आणि संयम जास्त लागतो.

आता तिसरा सल्ला, कापड दिसेपर्यंत वापरण्याचा. हा मला सगळ्यात जास्त खटकला कारण बाकीचं निस्तरता येतं, हे नाही. साधं कार्बन पोलाद पाणी दिल्यावर (लाल तापवून झटकन गार करून कडक केल्यावर) साधारण २०० अंश सेल्सिअसला टेम्पर करतात, म्हणजे ठिसूळपणा जावा म्हणून परत बेताने तापवतात. त्यानंतर घासताना धार फिकट पिवळी दिसली म्हणजे ती २०५-२२० पर्यंत गेली, तपकिरी दिसली तर २५० च्या पुढे, जांभळी २८० च्या आसपास, निळी म्हणजे ३०० कडे. निळ्या धारेचं पाणी उतरलेलं असतं, ती वाकते, टिकत नाही. पाण्यात बुडवून परत कडक होणार नाही, एक तर तेवढा भाग घासून टाकायचा नाही तर परत सगळं भट्टीपासून. धार ही पात्याची सगळ्यात पातळ जागा, उष्णतेला पळून जायला तिथे मांसच नाही, त्यामुळे ती पहिली तापते. आणि रंग दिसला नाही म्हणजे तापलं नाही असंही समजू नका, कारण ज्या पासमध्ये (पातं बेल्टवरून एकदा फिरवण्याला पास म्हणतात) रंग आला त्याच्या पुढच्याच पासमध्ये तो घासून निघून जातो, वर लख्ख चकचकीत दिसतं आणि आत पोलाद मऊ. स्टेनलेसवर तर हे रंग आणखी वरच्या तापमानाला उमटतात, तिथे रंगाच्या भरवशावर राहिलात तर संपलंच.

उपाय तसे साधे आहेत. पाणी दिल्यानंतरचं घासणं उघड्या हातांनी करायचं, बोटाला चटका बसायला लागला की बादलीत बुडवायचं, आणि पातं पुसायचं नाही, ओलंच परत लावायचं, त्याच्यावरचं पाणी धारेकडून आटायला लागलं की तीच बुडवायची वेळ. पण या सगळ्याच्या आधी ताजा बेल्ट. ग्राइंडरवाल्यांमध्ये एक जुनं वाक्य फिरत असतं की बेल्ट फुकटात मिळालेत असं समजून वापरा, आणि ते उधळपट्टीचं वाक्य मुळीच नाहीये. एक पातं बिघडलं तर त्यातलं पोलाद, भट्टी, आधी गेलेला वेळ आणि आधी झिजलेले बेल्ट सगळंच पाण्यात जातं, एका बेल्टच्या हिशोबात हे कुणी धरतच नाही.

बेल्ट संपला हे ओळखायचं कसं? कापड दिसायची वाट बघायची गरजच नाही. आवाज बदलतो, करकर कापल्याचा आवाज जाऊन नुसती घसट ऐकू येते. ठिणग्या आधी भरभरून आणि लांब पडत असतात त्या थोड्या आणि आखूड होतात. तेवढ्याच कामाला हात आपोआप जास्त जोर लावायला लागतो. यातलं काही दिसलं की काढा तो. रबराच्या स्टिकने बेल्ट साफ करा असा सल्ला लेखात आहे, तो बरोबर आहे, पण स्टिकने कणांमध्ये अडकलेला गाळ निघतो, लाकूड किंवा पितळ घासून बेल्ट भरला असेल तर तो मोकळा होतो, झिजलेल्या कणाला काही कोपरा परत येत नाही.

आणि काढलेले बेल्ट टाकून द्या असं मी म्हणतच नाहीये, उलट त्यांच्याशिवाय माझं चालत नाही. नव्या ३६ च्या बेल्टचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे कापलेल्या पट्टीचा काटकोनी कोपरा. त्या धारदार कोपऱ्यावर नवा बेल्ट थेट लावला की तो कोपरा कणांनाच उखडून काढतो, पहिल्या काही मिनिटांत अर्धा बेल्ट गेलेला असतो आणि माणूस म्हणतो कंपनी खराब. म्हणून आधी मेलेला बेल्ट चढवायचा, धारेच्या बाजूचे दोन्ही कोपरे ४५ अंशांनी उडवायचे, धारेसाठी आखलेल्या दोन रेषांपर्यंत यायचं, आणि मग नवा बेल्ट लावायचा. इतकंच केलं तरी बेल्टचं आयुष्य किती वाढतं ते करून बघा. लेखात कापड दिसेपर्यंत वापरायचा जो हट्ट आहे त्याला हे काम द्यावं, शिवाय पट्टीवरचा गंज काढायला, पट्टीचा बाहेरचा आकार घासायला हेच बेल्ट.

त्या दोन रेषांबद्दल लेखात एकच ओळ आहे, तिथे खरं तर अर्धं पान हवं होतं. धारेच्या कडेवर मार्करची शाई फासायची, आणि पट्टी सपाट फरशीवर ठेवून कडेच्या मध्याच्या जवळपास उंचीला धरलेल्या टोकदार आखणीने मधोमध एकच रेषा न मारता शेजारी शेजारी दोन मारायच्या, मध्ये तेवढीच जाडी ठेवायची जेवढी पाणी द्यायच्या आधी राखायचीय, ०.६ ते ०.८ मिमी (वर सांगितलेला अर्धा मिमी नंतरच्या घासण्यात येतो). त्याहून पातळ केलं तर पाणी देताना धार लाटेसारखी वळण्याची शक्यता वाढते. मग उतार धारेकडून पाठीकडे चढवत न्यायचा. पहिले पास जास्त कोनात, त्या ४५ च्या कापाजवळ, मग हळूहळू कोन चपटा करत जायचं. दाब धारेकडे दिला की धार पातळ होते, दाब पाठीकडे सरकवला की रेषा वर चढते, हे एकदा हाताला कळलं की जिग (पातं ठरावीक कोनात धरून ठेवणारा साचा) लागत नाही. जिगच्या विरोधात मी नाही, ज्यांना आवडतं त्यांनी वापरावी, पण जिग कोन धरते, दाब धरत नाही, आणि खड्डे दाबामुळे पडतात.

उभं राहण्याबद्दलही थोडं. कोपरं बरगड्यांना टेकवायची, मनगटं बांधल्यासारखी, आणि हालचाल गुडघ्यांतून कमरेतून, शरीर डावीकडून उजवीकडे झुलतं तसं पातं सरकलं पाहिजे. हाताने सरकवायला गेलात की कोन दर इंचाला बदलतो. पातं आधी हलकेच टेकवायचं, ते सपाट बसलंय हे जाणवलं की मग दाब, आणि दाब दिल्या दिल्या सरकायला लागायचं, थांबलात तिथे खड्डा. मुठीकडे जिथे उतार संपतो त्या प्लंज लाइनवर बेल्टची कड प्लेटनच्या (बेल्टमागच्या सपाट पाटीच्या) बाहेर ३ मिमी लोंबती ठेवली की ती रेषा जरा गोलसर मऊ येते, कडक कोपऱ्यातून पातं तुटायची भीती कमी. टोकाशी येताना मूठ किंचित उचलायची आणि टोक बेल्टच्या मध्यावर आलं की पातं मागे घ्यायचं, टोक कडेवरून घसरू दिलं तर ते गोल होतं आणि जळतंही तिथेच. बाजू सारख्या बदलत राहा, एकच बाजू पूर्ण करून मग दुसरी असं करू नका.

एकीकडे बारीक ग्रिटपासून सुरुवात करा म्हणणाऱ्या लेखातच पुढे ग्रिटचा क्रम ३६, १२०, ४०० असा दिलाय. जमतं, पण रडत जमतं. पी ३६ चा (३६ ग्रिटचा, बेल्टवर असंच छापलेलं असतं) कण सरासरी अर्ध्या मिमीहून थोडा मोठा, पी ६० चा त्याच्या बरोबर निम्मा म्हणजे ०.२७ च्या आसपास, पी १२० चा ०.१२५, पी २४० चा ०.०६ आणि पी ४०० चा ०.०३५. दर टप्प्याला कण साधारण निम्मा होतो, म्हणून हा क्रम पाळला तर प्रत्येक बेल्टला आधीच्या बेल्टचे ओरखडे काढायचं माफक काम उरतं. मधले टप्पे गाळले की ४०० चा बेल्ट खोल ओरखड्यांवर नुसता चकाकी आणत बसतो, ओरखडे तसेच, आणि तापतं ते वेगळंच. दोन टप्प्यांच्या मध्ये पातं जरा तिरकं धरून घासलं तर जुने ओरखडे वेगळ्या दिशेचे म्हणून लगेच दिसतात, ते सगळे गेले की पुढचा बेल्ट. आणि ३६ वर शेवटच्या मापापर्यंत कधीच जाऊ नका, पुढच्या बेल्टांना खायला पाव मिमी तरी ठेवा.

बेल्ट टांगून ठेवावेत, घडी घालू नये, खूप दमट किंवा खूप कोरड्या जागी ठेवले तर कडा वळतात. आतल्या बाजूला बाण छापलेला असेल तर त्याच दिशेने लावायचा. एवढं पुरे.

शेवटचं म्हणजे तो फोटो. लेखाबरोबर जो छापलाय त्यात ग्राइंडरवरच्या माणसाने जाड हातमोजे घातलेत, शर्टाच्या बाह्या मोकळ्या आणि तोंडाला रुमाल. मोज्याचा धागा किंवा बाहीचं टोक बेल्टमध्ये गेलं तर हात प्लेटन आणि रेस्टच्या (पातं टेकवायच्या आधाराच्या) फटीत ओढला जातो, आणि रुमालाने पोलादाची बारीक धूळ अडत नाही, त्याला निदान एन ९५ आणि बारीक कामाला पी १०० चा मास्क लागतो, डोळ्यांना गॉगल, कानांना प्लग. त्याच फोटोत मशीनला व्हॅक्युमची पिशवी जोडलेली दिसते, त्या पिशवीत मुठीच्या लाकडाचा भुसा असेल आणि वरून पोलादाच्या ठिणग्या पडल्या तर आतल्या आत धुमसत राहतं आणि मशीन बंद करून माणूस निघून गेल्यावर पेटतं. लाकडाची पिशवी वेगळी, पोलादाच्या ठिणग्यांसाठी खाली पाण्याची बादली. ॲल्युमिनियम आणि लोखंडाची भुकटी तर एका जागी साठूच द्यायची नाही, गंजलेल्या लोखंडाची भुकटी आणि ॲल्युमिनियम म्हणजे थर्माइटचाच (पेटलं की लोखंड वितळवण्याइतकं तापणाऱ्या मिश्रणाचा) माल, आणि त्याला ठिणगी पुरेशी आहे.

पुढच्या भागात पाणी देणं आणि टेम्परिंग येणार असं लेखाच्या खाली लिहिलंय. तो छापण्याआधी लेखकांना एवढं विचारून घ्या की धारेपाशी किती जाडी ठेवून पाणी द्यायचं हे त्यांनी लिहिलंय का, कारण या भागात त्यांनी धार ‘जवळपास तयार’ करून घ्यायला सांगितलीय आणि वाचणाऱ्यांपैकी काहीजण आत्ता तेच करत असतील. आणि तो फोटो दुसऱ्यांदा वापरू नका.

सुऱ्या घासणारी एक वाचक